पुण्याचे महापौरपद

‘मेयर’ या शब्दास ‘महापौर’ हा प्रतिशब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी योजिला. पुण्यात हे पद महानगरपालिकेबरोबर आले. तत्पूर्वी येथे नगरपालिका होती व तिच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणत. गोपाळ कृष्ण गोखले व न. चिं. केळकर यांनी ते अध्यक्षपद भूषविले होते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि १९५२ मध्ये बाबुराव सणस पहिले महापौर झाले. महापौरांची निवड नगरसेवक आपल्यातूनच करतात. रस्ते, पाणी यांचा प्रत्यक्ष कारभार मात्र १९४९ च्या अधिनियमान्वये आयुक्तांकडे असतो. पुष्कळ नागरिकांस हा भेद ठाऊक नसतो व गाऱ्हाणी चुकीच्या दारी जातात. महापौरांचे खरे काम सभा चालविण्याचे. एकट्या सभासदासही तेथे बोलता आले पाहिजे. ही गोष्ट लहान नव्हे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावयाचे ठरविले, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोधी मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव संमत झाला.