सुई एकच, हात निराळे!

गुडघेदुखी, कंबरदुखी, आखडलेली मान. गोळ्या घेऊन कंटाळलेला रुग्ण एक दिवस विचारतो, ‘डॉक्टर, ॲक्युपंक्चर करून बघू का?’ छत्रपती संभाजीनगरात हे उपचार नवे नाहीत. घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या काहींनीही ते आधी करून पाहिलेले असतात. एकाला एका ठिकाणी आराम पडतो, त्याच्याच शेजाऱ्याला दुसरीकडे काहीच फरक पडत नाही. मग एक म्हणतो, ‘हाताला गुण आहे’. दुसरा म्हणतो, ‘सगळा मनाचा खेळ.’ दोघांपैकी खरे कोण, हे ठरवायचे तर आधी एक साधी गोष्ट कळायला हवी. त्या हाताने नेमके केले काय?

इंजेक्शनचे तसे नसते. औषध किती मिलिग्रॅम, कुठे आणि किती वेळा दिले, हे केसपेपरवर लिहिलेले असते. ॲक्युपंक्चरमध्ये औषध नसते. सुईची हालचाल हाच डोस. सुई किती खोल गेली, किती वेळा फिरवली, एकाच दिशेने की उलटसुलट, वरखाली किती हलवली, किती वेळ ठेवली, यातले बरेचसे फक्त बोटांना ठाऊक असते. कागदावर उरते ते बिंदूचे नाव आणि सुयांची संख्या.

सुई पकडली जाते

सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. ती फिरवली की रुग्णाला आत जडपणा, ठणका किंवा मुंग्या जाणवतात. चिनी परंपरेत याला ‘दे ची’ म्हणतात. त्याच वेळी उपचार करणाऱ्याला सुई आतून कोणीतरी धरल्यासारखी वाटते. ही पकड खरी की भास?

अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठाच्या डॉ. हेलेन लँजेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती मोजून पाहिली. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० निरोगी माणसांना संगणकनियंत्रित उपकरणाने सुया टोचल्या आणि त्या बाहेर काढायला किती जोर लागतो, हे नोंदवले. न फिरवलेल्या सुईच्या तुलनेत उलटसुलट फिरवलेल्या सुईला ५२ टक्के, तर एकाच दिशेने फिरवलेल्या सुईला १६७ टक्के जास्त जोर लागला. पैठणीच्या जिल्ह्यात याचे कारण समजायला अवघड नाही. कांडी एकाच दिशेने फिरवली की धागा तिच्यावर गुंडाळला जातो. उलटसुलट फिरवली तर काही गुंडाळतो, काही सुटतो. त्वचेखालच्या संयोजी ऊतींचे तंतू सुईभोवती तसेच गुंडाळले जातात, असे या गटाच्या पुढच्या प्रयोगांत दिसले.

याच अभ्यासातली आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर पकड इतर जागांपेक्षा १८ टक्क्यांनीच जास्त होती. म्हणजे पकडीच्या बाबतीत तरी जागेपेक्षा सुई फिरवण्याच्या पद्धतीने मोठा फरक पडला.

हात मोजणारे यंत्र

पुढची पायरी होती प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याचा हात मोजण्याची. त्यासाठी सुईची मूठ धरणारे, संवेदक बसवलेले उपकरण तयार झाले. सुई किती सरकली, किती फिरली, ढकलायला किती बळ आणि फिरवायला किती पीळ लागला, हे ते नोंदवते. या पद्धतीवरचा निबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा मोजमापाची गरज जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीवरून कळते. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पारंपरिक ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, ‘नकली’ ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. नकली म्हणजे बिंदू सोडून, वरवर, न फिरवता टोचलेल्या सुया. खऱ्या-खोट्यात जवळपास फरकच नाही! टीकाकारांनी याला मनाचा परिणाम म्हटले. समर्थक म्हणाले, वरवर टोचलेली सुईही काही परिणाम करतच असेल. पण दोन्ही गटांतल्या हजारो सुयांना नेमका किती पीळ दिला गेला, याची नोंदच नसेल तर हा वाद मिटणार कसा?

यंत्रामुळे ॲक्युपंक्चर खरे ठरेल, असा याचा अर्थ नाही. हात अचूक मोजला आणि तरीही नकलीपेक्षा जास्त गुण आला नाही, तर तेही मान्य करावे लागेल. रक्तदाबाचे यंत्र रक्तदाब बरा करत नाही. पण त्याच्याशिवाय औषध लागू पडते की नाही, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्राचे या पद्धतीशी जुने नाते आहे. १९३८मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आणि परिषदेची चौकट दिली. २०१९मध्ये केंद्रानेही त्याला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

मान्यतेबरोबर प्रश्न येतो परीक्षेचा. विद्यार्थ्याचा हात तयार झाला, हे कोण ठरवणार? आज गुरूची नजर ठरवते. तिला आकड्यांची जोड मिळाली, तर शिकवणे सोपे होईल आणि खोलीची शिस्तही लागेल. छातीवर, खांद्याच्या वरच्या भागात सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे क्वचितच घडते, पण घडले तर जीवावर बेतू शकते.

तोवर रुग्णाने काय पाहावे? उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, सुई निर्जंतुक, नवी आणि एकदाच वापरायची आहे का, हे विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर बसवला असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी सांगावे. सुया टोचल्यानंतर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर लगेच रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.