मुदतीचा अधिकार

वीस अक्षरांचे एक नाव आणि चाळीस अक्षरांचे एक गुपित, एवढ्या ऐवजावर आज एखाद्या कंपनीचे सारे दप्तर, तिच्या ग्राहकांच्या नोंदी आणि तिचे हिशेब उघडता येतात किंवा कायमचे नाहीसेही करता येतात, हे विधान ज्यांचा संगणकाच्या अंतरंगाशी संबंध येत नाही अशा वाचकांना अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला जी ‘ॲक्सेस की’ देतात तिचे स्वरूप अक्षरशः हेच आहे. तिच्यातील नावाचा भाग उघडपणे वावरतो, आणि त्याच्या पहिल्या चार अक्षरांवरून जाणकाराला किल्लीची जात ओळखता येते : ‘एकेआयए’ अशी सुरुवात असेल तर ती कायमची, ‘एएसआयए’ अशी असेल तर मुदतीची. कायमच्या किल्लीतील गुपित ती घडवली जाते त्या वेळी एकदाच दिसते; तेव्हा ते टिपून घ्यायचे राहिले तर खुद्द खातेदारालाही पुन्हा दाखवले जात नाही, दुसरी किल्लीच करावी लागते. कायमची आणि मुदतीची हा भेद वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. परंतु अधिकार या विषयावर संगणकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत जे चिंतन केले त्याचे सार मला त्याच भेदात दिसते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दूरच्या डेटा सेंटरमधले संगणक आणि साठवण भाड्याने वापरणे. ॲमेझॉनने फाइली साठवण्याची आपली ‘एस-थ्री’ ही सेवा २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सुरू केली, आणि २०१६ मध्ये मुंबई विभागातही तिची केंद्रे उभी राहिली. पूर्वी कचेरीतल्या संगणकाला निदान एक खोली असे, खोलीला दार असे, आणि दाराशी कोणी ओळखीचा माणूस बसलेला असे. येथे दार नाही आणि माणूसही नाही, जे काही घडते ते ठरावीक नमुन्यात लिहून पाठवलेल्या विनंतीने घडते, आणि त्या नमुन्यांच्या संचालाच ‘एपीआय’ म्हणतात. नवा संगणक सुरू करणे ही एक विनंती, फाइल वाचणे ही एक विनंती, आणि नव्या माणसाला खात्यात घेऊन अमुक काम करण्याची मुभा देणे हीसुद्धा एक विनंतीच. पडद्यावर बटणे दाबून जो हेच करतो त्याच्या वतीनेही शेवटी तशाच विनंत्या रवाना होत असतात.

ही विनंती खरोखर अधिकारी माणसाकडूनच आली हे कशावरून ओळखायचे? गुपित सोबत पाठवावे तर वाटेत ते कोणाच्या तरी हाती लागण्याचे भय. म्हणून ते कधीच पाठवत नाहीत. ते आधी त्या दिवसाच्या तारखेशी गणिताने घोटायचे, जे निघेल ते विभागाच्या नावाशी, त्यातून निघेल ते सेवेच्या नावाशी, असे करीत त्या दिवसापुरती, त्या विभागापुरती आणि त्या सेवेपुरती एक उपकिल्ली सिद्ध करायची. मग विनंतीचा मजकूर आणि वेळ या उपकिल्लीतून गाळून चौसष्ट चिन्हांची एक मुद्रा काढायची, आणि विनंतीसोबत प्रवासाला निघते ती गुपिताऐवजी ही मुद्रा. पलीकडे तेच गुपित ठेवलेले असल्यामुळे तेथेही तेच गणित होते आणि दोन्ही मुद्रा ताडून पाहिल्या जातात. वाटेत मजकुरातील एक अक्षर जरी कोणी बदलले तरी मुद्रा जुळत नाही. आणि तीच विनंती जशीच्या तशी उचलून बऱ्याच वेळाने पुन्हा पाठवली तर तिच्यातली वेळ शिळी झाल्यामुळे ती नाकारली जाते. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस, मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब उठवीत, म्हणजे खाली मागाहून ओळ घुसडण्यास जागा राहू नये; त्या जुन्या दप्तरदारांना या मुद्रेतला हेतू समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

ओळख पटली म्हणजे अधिकार सिद्ध झाला असे मात्र नाही. त्यासाठी वेगळी सनद लागते. तिला ‘पॉलिसी’ म्हणतात. कोणती कृती, कोणत्या वस्तूवर, कोणत्या अटीवर, आणि होकार की नकार, एवढे तिच्यात लिहिलेले असते, आणि तिचा अन्वय लावण्याचा नियम विलक्षण साधा आहे : सनदेत ज्याचा उल्लेख नाही ते निषिद्ध, स्पष्ट होकार असेल तरच मुभा, आणि कोठेही एक स्पष्ट नकार लिहिलेला असेल तर दहा होकारही त्यापुढे निष्प्रभ. हा नियम क्लाउडवाल्यांनी शोधलेला नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात जी आठ तत्त्वे सांगितली, त्यांतील एक असे की व्यवस्थेचा मूळ कल निषेधाकडे असावा, आणि दुसरे असे की प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरताच, किमान अधिकार असावा. हा निबंध मी अलीकडे पुन्हा वाचला, आणि ज्या यंत्रांसाठी तो लिहिला गेला ती केव्हाच भंगारात गेली असतानाही त्यातला विचार इतका ताजा कसा, याचे मला पुन्हा आश्चर्य वाटले.

सर्वांत नाजूक प्रश्न पुढेच आहे. अधिकार देणे ही जर स्वतःच एक विनंती, तर ती करण्याचाही कोणाला तरी अधिकार असला पाहिजे. आणि ज्याच्याजवळ केवळ ‘सनद जोडण्याचा’ एवढाच अधिकार आहे तो दिसायला निरुपद्रवी वाटला तरी क्षणार्धात स्वतःलाच सर्वाधिकाराची सनद जोडून घेऊ शकतो. २०१४ च्या जूनमध्ये ‘कोड स्पेसेस’ नावाच्या, इतरांचे प्रोग्रॅम सांभाळून ठेवणाऱ्या एका कंपनीच्या क्लाउड खात्यात कोणी शिरला आणि त्याने पैसे मागितले. कंपनीने तातडीने पासवर्ड बदलले. परंतु शिरकाव करणाऱ्याने स्वतःसाठी आणखी प्रवेशनामे आधीच निर्माण करून ठेवली होती, आणि आपल्याला बाहेर काढू पाहत आहेत हे लक्षात येताच त्याने मूळ साठवण आणि तिच्या प्रती, दोन्ही पुसण्यास आरंभ केला. सुमारे बारा तासांत त्या कंपनीजवळ चालवण्यासारखे काही उरले नाही. तिला बुडवले ते कोणा अद्भुत विद्येने नव्हे. नवे वापरकर्ते घडवण्याच्या एका साध्या, रोजच्या विनंतीने. म्हणूनच आता शहाणे व्यवस्थापक नव्या वापरकर्त्यांना अधिकार देण्याचे काम ज्या प्रोग्रॅमकडे सोपवतात त्याच्याभोवती आधी एक कुंपण घालतात, आणि या मर्यादेपलीकडची सनद तू कोणालाही, स्वतःलासुद्धा, देऊ शकणार नाहीस असे त्याच्या सनदेतच लिहितात.

अधिकार सांभाळताना आणखी एक धोका असतो : दोन हात एकाच वेळी एकाच जागी लिहू लागले म्हणजे काय होते याची एक जुनी हकीकत एमआयटीमध्येच घडली. १९६० च्या दशकात फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तेथे सीटीएसएस नावाची, एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली चालत असे. एक व्यवस्थापक रोजचा स्वागतसंदेश लिहीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांची तात्पुरती फाइल एकाच नावाची निघाली, त्यांची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो प्रणालीत प्रवेश करी त्याच्यापुढे स्वागताऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. गूगलच्या क्लाउडमध्ये या जातीच्या घोटाळ्यावर जो उपाय योजला आहे तो मला फार आवडतो. तेथे अधिकारांची यादी आधी वाचून घ्यायची, तिच्यात बदल करायचा आणि संपूर्ण यादी परत लिहायची असा रिवाज आहे. वाचताना यादीसोबत ‘ईटॅग’ नावाची एक छोटी खूण मिळते आणि परत लिहिताना ती सादर करायची असते. मधल्या काळात दुसऱ्या कोणी यादी बदलली असेल तर खूण जुळत नाही, लेखन नाकारले जाते, आणि तुम्ही नवी यादी वाचून पुन्हा आरंभ करता. खूण न जोडता लिहिले तर मात्र दुसऱ्याने घातलेली भर निमूटपणे पुसली जाण्याचा धोका राहतो, आणि ज्याचा अधिकार असा पुसला गेला त्याला त्याचे कारण शोधताना रात्री जागवाव्या लागतात.

पुण्यातील एका कंपनीत क्लाउडमधले अधिकार सांभाळण्याचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी एक गोष्ट सांगितली. आपल्या कचेरीतली किल्ल्यांची यादी मला दाखवण्याची मुभा त्याला नव्हती, म्हणून त्याने ती तोंडीच वर्णन केली, आणि त्याच्या या काटेकोरपणाचे मला मनापासून कौतुक वाटले. “मामा, त्या यादीत एक कायमची किल्ली सापडली. ज्यांच्या नावाने केली होती ते गृहस्थ नोकरी सोडून तीन वर्षे झाली, आणि किल्ली अजून चालू. काढून टाकावी तर एखादं काम बंद पडेल, या भीतीनं कोणीच तिला हात लावत नव्हतं.” हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झालो. अधिकार बहाल करणारे पुष्कळ असतात, कारण देताना समोर कोणीतरी कामासाठी खोळंबलेला असतो. परत घेताना तसा तगादा लावणारा कोणी नसतो, आणि दिलेला अधिकार आपोआप वहिवाटीचा होतो.

या मानवी दुर्बलतेवर उपाय निघाला तो मुदतीच्या किल्लीचा. माणसाला किंवा प्रोग्रॅमला कायमचे काहीच द्यायचे नाही. एक ‘रोल’, म्हणजे अधिकारांनी युक्त अशी रिकामी भूमिका, तयार ठेवायची, आणि काम निघाले की त्याने ती भूमिका मागून घ्यायची. ॲमेझॉनकडे अशी मागणी केली तर, वेगळे काही सांगितले नसल्यास, एका तासाची किल्ली मिळते. ही मुदत पंधरा मिनिटांपर्यंत घटवता येते, आणि भूमिकेच्या मालकाने परवानगी दिली असेल तर बारा तासांपर्यंत वाढवता येते. मुदत सरली की ती किल्ली निर्जीव होते, आणि त्यासाठी कोणाला आठवण ठेवावी लागत नाही.

तथापि केवळ काळाची मर्यादा पुरत नाही हे २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या प्रकरणात दिसले. तेथे बाहेरच्या विनंत्या तपासण्यासाठी ठेवलेल्या एका राखणदार प्रोग्रॅमची मांडणी चुकली होती, आणि तिचा लाभ घेऊन एका व्यक्तीने त्या प्रोग्रॅमच्या भूमिकेची किल्ली मिळवली. किल्ली मुदतीचीच होती. परंतु ज्याने फक्त राखण करायची त्याच्या भूमिकेला साठवणीतल्या फाइलींची यादी पाहण्याची आणि त्या वाचण्याचीही सनद जोडलेली होती, आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्या वाटेने बाहेर गेली. पुढच्या वर्षी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. राखणदाराला तिजोरीची किल्ली कशासाठी, हा प्रश्न सनद लिहिताना कोणी विचारला असता तर मांडणीतली चूक राहूनही त्या चुकीतून फारसे काही निष्पन्न झाले नसते. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी त्या प्रकरणाच्या चव्वेचाळीस वर्षे आधी मागितले होते ते एवढेच.

भाच्याच्या कचेरीतील त्या जुन्या किल्लीचे पुढे काय झाले हे मी आवर्जून विचारले. कोणती किल्ली शेवटची केव्हा आणि कोणत्या सेवेसाठी वापरली गेली याची नोंद मागवणारीही एक विनंती एपीआयमध्ये असते. ती त्याने पाठवली तेव्हा किल्ली आदल्याच रात्री वापरली गेल्याचे निघाले. आता सगळ्यांचे धाबे दणाणले. परंतु नोंदवही धुंडाळता दर रात्री हिशेबाची एक प्रत दुसऱ्या जागी नेऊन ठेवणारा एक निरुपद्रवी प्रोग्रॅमच तिचा वापर करीत असल्याचे आढळले. भाच्याने त्या प्रोग्रॅमसाठी एक भूमिका घडवली, तिला एकाच ठिकाणी वाचण्याची आणि एकाच ठिकाणी लिहिण्याची सनद जोडली, आणि किल्ली पुसून न टाकता आधी नुसती निष्क्रिय केली, म्हणजे काही अडले तर तत्काळ बहाल करता यावी. आठ रात्री तो रोज पहाटे उठून प्रत जागेवर पोहोचली का ते पाहत होता. नवव्या दिवशी सकाळी त्याने किल्ली कायमची रद्द केली आणि मला फोन केला.

“गेली, मामा.”