तक्रारीने संसार मोडतो?

‘त्या समाजसेविकांकडे गेलीस, तर नांदणं संपलंच म्हणून समज.’ मार खाणाऱ्या बाईला हा सल्ला आई देते, मावशी देते, शिकलेसवरलेले नातेवाईकही देतात. त्यामागे काळजी असते, हे मान्य. पण माहिती साफ चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत बाई मोजते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखालचा अर्ज घटस्फोटाचा नसतो. हिंसा थांबवा, घरात राहू द्या, खर्चाला पैसे द्या, मुलांचा तात्पुरता ताबा द्या, नुकसानभरपाई द्या, असे आदेश दंडाधिकारी देतात. घटस्फोट या कायद्याखाली मिळतच नाही! उलट कलम 17 बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क सांगता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंद्र आहुजा खटल्यात 2020 मध्ये दिला. यात संसार मोडण्याची तरतूद कुठे आहे?

आता त्या ‘समाजसेविका’. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य सरकारने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. तिथल्या प्रशिक्षित कार्यकर्त्या आधी बाईला एकटीला भेटून तिचं म्हणणं ऐकून घेतात. तिला परत नांदायचं असेल, तर नवऱ्याला बोलावून मारहाण थांबवण्याबद्दल बोलणी होतात. वेगळं राहायचं असेल, तर स्त्रीधन परत मिळवायला मदत होते. निर्णय तिचाच असतो.

याच्या अगदी उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे. समुपदेशन म्हणजे दोघांना समोर बसवून ‘भांड्याला भांडं लागतंच’ म्हणायचं आणि बाईला परत धाडायचं! नाही. या कायद्याचे 2006 चे नियम सांगतात की समुपदेशनात मारणाऱ्याला हिंसेचं समर्थन करायला मुभा नाही आणि असं पुन्हा होणार नाही, याची हमी त्याला द्यावी लागते. कुठे कोणी बाईला नुसतं ‘सोसून घे’ सांगून पाठवत असेल, तर ते समुपदेशन नव्हे.

बायका ऊठसूट तक्रार करतात, असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) वाचावी. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी देशात फक्त 14 टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. 77 टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलंही नाही. त्या घरांत शांतता होती, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणोत.

आणखी काही गैरसमज:

‘मारलं तरच हिंसा.’ शिवीगाळ, अपमान, पैसे अडवणं, लैंगिक जबरदस्ती हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे.

‘हा कायदा फक्त बायकोसाठी.’ आई, बहीण, विधवा सून यांनाही त्याचा आधार घेता येतो.

‘वकिलाला पैसे कुठून आणणार?’ विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.

कोणी मार खाऊन तुमच्या दारात आली, तर तिला संसाराची भीती घालू नका. 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्या, या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जा, आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या.