बुडत्या फटफटीला सव्वीस वर्षांचा वाली

सुरुवात सुयांपासून करू. इंग्लंडमधलं रेडिच हे गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. तिथल्या ज्या कारखान्यातून पुढे रॉयल एनफिल्ड उभी राहिली, तो १८५१ मध्ये सुयाच बनवायचा. मग सायकली आल्या, एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याला पुरवायचे बंदुकीचे सुटे भाग आले आणि १९०१ मध्ये मोटरसायकल. म्हणून कंपनीचं बोधचिन्ह तोफ. सुई कुणी मिरवत नाही!

लेक इकडे, माहेर बंद. १९५५ पासून मद्रासमध्ये रॉयल एनफिल्डच्या बुलेट या मोटरसायकलची जुळणी सुरू झाली, कारण सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराला दणकट गाडी हवी होती. १९७० मध्ये विलायतेतली मूळ कंपनी बंद पडली. मद्रासवाले मात्र तीच गाडी बनवत राहिले आणि १९७७ पासून चक्क इंग्रजांनाच विकू लागले.

डिझेलवर चालणारी बुलेट? होती! नाव टॉरस. वेग बेताचा, धूर भरपूर, पण लिटरमागे मायलेज असं, की पेट्रोलवाल्यांनी तोंड लपवावं.

आता खरी गोष्ट. साल २०००. कारखान्याची क्षमता महिन्याला सहा हजार गाड्यांची आणि खप जेमतेम दोन हजारांचा. इंजिनातून तेल गळायचं. किक मारणं तर साधनाच: आधी अँपिअरचा काटा मधोमध आणा, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबा, मग सगळं अंग तोलून लाथ घाला. चुकलं तर गाडी उलट लाथ घालायची. मालक असलेल्या आयशर समूहाचे संचालक ‘विका नाहीतर बंद करा’ या मनःस्थितीत आलेले. तेव्हा मालकांच्या घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा पुढे झाला. सिद्धार्थ लाल. बुलेटचं वेड एवढं, की स्वतःच्या लग्नाला घोडीऐवजी लाल बुलेटवर बसून गेलेला.

नुसत्या वेडाने धंदा चालत नाही, हे त्याला बरोबर कळत होतं. जयपूरचा नवाकोरा कारखाना त्याने २००२ मध्ये बंद केला. डीलरांच्या हातातली सवलतीची खिरापतही थांबवली. पण खरा धक्का पुढेच होता. आयशर म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर येतो, कारण समूहाचा पायाच तो. १९५९ मध्ये फरिदाबादला या कंपनीने भारतात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती. शिवाय ट्रक, सुटे भाग, पादत्राणं, तयार कपडे धरून एकूण पंधरा धंदे. लालने त्यातले तेरा काढून टाकले. वडिलोपार्जित ट्रॅक्टरही २००५ मध्ये चेन्नईच्या टॅफेला विकला. राहिले दोनच, ट्रक आणि बुलेट. वडिलांचं दुकान वाढवणारी मुलं खूप दिसतात. त्यातली बहुतेक शटरं खाली ओढून एकाच गाळ्यावर बसायला छाती लागते.

भक्तांची नाराजी हा वेगळाच अध्याय. बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या. बाकी सगळ्या गाड्यांचं नेमकं उलट. नव्या गिऱ्हाइकाचा गोंधळ उडायचा, जुना मात्र ‘हीच तर शान’ म्हणायचा. गिअर डावीकडे आला, बटण स्टार्ट आला, तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मग जुनं ओतीव लोखंडी इंजिन गेलं. नव्यात सुटे भाग सुमारे तीस टक्के कमी, ताकद तीस टक्के जास्त. धडधड मात्र थोडी मवाळ झाली. आवाजाच्या सरकारी मर्यादेपुढे इलाज नव्हता. माझ्या मते लालचं खरं धाडस इथे दिसतं. गिऱ्हाइकाचं ऐकावं, असं व्यवस्थापनाची पुस्तकं सांगतात. त्याने जुन्या गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या आणि पुढे येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

नव्या इंजिनाची क्लासिक २००९ मध्ये आली. दिसायला आजोबांच्या काळातली, चालवायला नातवाची. कालपर्यंत गिऱ्हाईक शोधणाऱ्या कंपनीच्या दारात महिनोन्महिने वेटिंग लागलं.

आपल्याकडची नोंद राहायला नको. देशभरातल्या बुलेटवाल्यांची वार्षिक जत्रा भरते ती गोव्यात, पूर्वीची रायडर मेनिया, आताची मोटोव्हर्स. आणि महाराष्ट्रात बुलेटला फटाके वाजवणारा सायलेन्सर लावणाऱ्यांची हौस वाहतूक पोलीस रोडरोलर फिरवून पुरवतात. कंपनीने मवाळ केलेली धडधड जोरात करून घ्यायला ही मंडळी पदरचे पैसे मोजतात आणि वर दंडही भरतात!

शेवटी आकडे. २०१४ मध्ये रॉयल एनफिल्डने तीन लाखांहून जास्त गाड्या विकल्या. त्या वर्षी अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनचा जगभरचा खप दोन लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास होता. २०२० मध्ये हार्लेने हरियाणातला आपला बावलचा कारखाना बंद करायचं ठरवलं. २०२४-२५ या वर्षात रॉयल एनफिल्डची विक्री पहिल्यांदा दहा लाखांच्या वर गेली.