खेड मतदारसंघ कुठे गेला?

जुन्नर, आंबेगाव, खेडची भाजी पुण्याच्या मंडईत येते. मंडईतला गाळेवाला पुणे मतदारसंघात मत देतो. भाजी पिकवणाऱ्या आपण २००४ पर्यंत ‘खेड’ लोकसभा मतदारसंघात मत द्यायचो. आज त्या नावाचा लोकसभा मतदारसंघच नाही.

असं का झालं? मतदारसंघांची लोकसंख्या साधारण सारखी असावी, असा नियम आहे. शहरं वाढली, पण महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या. म्हणून २००१ च्या जनगणनेवरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने हद्दी नव्याने आखल्या. २००९ च्या निवडणुकीत आपले तिन्ही तालुके शिरूर, हडपसर, भोसरीबरोबर ‘शिरूर’ मतदारसंघात आले. मावळचा वेगळा मतदारसंघ झाला. त्यात पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण आले.

आता एकाच खासदाराला आपण डोंगरवाडीचं पाणी सांगतो आणि हडपसरकर वाहतुकीची कोंडी. शहरी मतांच्या गर्दीत आपलं म्हणणं मागे पडू नये, म्हणून एक लक्षात ठेवू. हद्दी ठरवण्याआधी आयोग मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. पुढच्या वेळी मसुदा आला की तो मासिक बैठकीत वाचू, ठराव करू आणि सह्यांसकट हरकत पाठवू.