चीनमधला धनी

परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसाचे निम्मे सुखदुःख धन्याच्या हाती असते. चीनमध्ये धन्याला ‘लाओबान’ म्हणतात. शांघाय, बीजिंग अशा शहरांत परदेशी माणसे शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत काम करतात. त्यांना दोन्ही तऱ्हेचे धनी भेटतात.

चांगला धनी नवख्याला घर शोधून देतो. तो आजारी पडला, तर भाषा जाणणारा माणूस बरोबर देऊन त्याला दवाखान्यात धाडतो. पगार ठरल्या दिवशी देतो.

वाईट धनीही आधी गोडच बोलतो. “प्रवासी म्हणून या, परवान्याचे मग पाहू,” म्हणतो. माणूस फसतो तो इथेच! परवान्याशिवाय काम केले, तर २०१३ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे कामगारालाही ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. धन्यालाही होतो, पण देश सोडावा लागतो तो कामगाराला. मग पगार बुडाला तरी बिचारा तक्रार करायला भितो.

परवाना असला तरी तो त्या एकाच धन्याकडच्या कामाचा असतो. दुसरीकडे जायचे, तर काम सोडल्याचा दाखला लागतो. कायद्याने तो द्यावाच लागतो. तरी काही धनी तो अडवून धरतात.

म्हणून आम्ही सांगतो, परवाना हाती पडल्याशिवाय काम धरू नये. पगार, तास, सुट्टी करारात लिहून घ्यावी. करार चिनी भाषेत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. सही त्यानंतर. धन्याचा स्वभाव आपल्या हाती नाही. कागद वाचणे आपल्या हाती आहे.