भट्टीच्या वाटेवरचे सिलेक्टर

नव्वदच्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजमधली यांत्रिक सामग्री भंगारात निघू लागली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिचं पहिलं ग्रामीण इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं. १२८ लाइनची ही छोटी पेटी वातानुकूलनाशिवाय चालायची. दातेरी स्विचांच्या जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजचा तिच्यापुढे निभाव लागणं कठीणच होतं.

आमचं अंकुशनगर साखर कारखान्याचं गाव, आणि जिल्ह्याचं ठिकाण जालना हे सळईचं. तिथल्या भट्ट्यांत लांबलांबचं भंगार वितळतं, एक्स्चेंजचंही. एकदा का एक्स्चेंजचा रॅक तिथे पोचला की त्याची सळई होणार. त्याआधीच रिलेच्या संपर्कबिंदूंतली चांदी खरवडून काढलेली असते. म्हणून मी भंगारवाल्यांकडे वजनाच्या दराने, पण अख्खे सिलेक्टर, म्हणजे कॉल जोडणारे यांत्रिक स्विच, मागू लागलो. तुटलेले, गंजलेले, कसेही चालतील. फक्त काही काढून घेऊ नका, एवढीच विनंती.

अमेरिकेतल्या अल्मन स्ट्रोजरने १८९१ साली पेटंट घेतलेली या स्विचची कल्पना आजही मला थक्क करते. डायलवर सात फिरवला की लाइन सात वेळा तुटते, चुंबक सात वेळा खेचतो आणि दांडा सात पायऱ्या वर चढतो. पुढच्या आकड्याला तोच दांडा आडवा फिरतो. दहा उभ्या पातळ्या, प्रत्येकीत दहा जागा. शंभर ग्राहकांतला नेमका एक सापडतो. मध्ये ना ऑपरेटर, ना संगणक. १९४८ साली सुरू झालेल्या बंगळूरच्या आयटीआयने लिव्हरपूलच्या कंपनीशी करार करून असे स्विच आपल्याकडे घडवले. त्या कारागिरांच्या हाताची सफाई दांड्याचे दात तपासताना बोटांना कळते.

तपासणीसाठी बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडतो, प्लस टोक अर्थला. एक्स्चेंजमध्येही अर्थ प्लसलाच असे, कारण त्यामुळे तारा कमी गंजत. डायलचा वेग सेकंदाला साधारण दहा ठोके. तुटण्याचा वेळ जुळण्याच्या दुप्पट. हे प्रमाण बिघडलं की दांडा मधल्याच पातळीवर अडकतो, आणि दोष सिलेक्टरचा की डायलचा, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. दातांना तेलाचा एखादा थेंब द्यायचा, संपर्कबिंदूंना चुकूनही नाही.

गळीत हंगामात मात्र मी झाकण उघडत नाही. बगॅसची काजळी हवेत असते, आणि ती वायपरवर, म्हणजे संपर्कबिंदूंवरून सरकणाऱ्या पात्यांवर, बसली की बोलण्यात खरखर येते. झाकणं काढायची ती हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच.

सुटा सिलेक्टर काचेत ठेवून शोभेचा होतो. मला ते पटत नाही. तो फिरला पाहिजे, दोन फोन त्याच्यातून जोडले गेले पाहिजेत. त्यासाठी सध्या माझ्याकडे फायनल सिलेक्टर आहेत, रिले आहेत, पण कॉल येताच लाइन हुडकणारा फाइंडर नाही. जुन्या लाइनमन मंडळींना विचारणं चालू आहे, आणि जालन्याच्या भंगार बाजारातली चक्करही.